प्रभाकरदादाचा सत्कार आणि कुसुमचा फ्रिज

काही माणसं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजतात. आमचा मावसभाऊ प्रभाकरदादा फ्रिज आणि टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांसाठी झिजला. दिल्लीत सरकारी समित्यांपुढे त्यांची बाजू मांडण्यात त्याची हयात गेली. त्याच्या सत्कारासाठी मी ऐन मे महिन्यात पुण्याहून नागपूर गाठलं.

स्टेशनबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा जहाल रस्सा) खाल्ले, डोळे पुसले आणि कोराडीची बस धरली. तिथे वीज केंद्राच्या कुंपणालगत धाकटी मावसबहीण कुसुम राहते. दोरीवरच्या ओल्या चादरीवर राख बसली होती. तिचा नवाकोरा फ्रिज जळला होता आणि नवऱ्याचं इन्सुलिन थंड ठेवायची सोय गेली होती.

"कंपनीचा माणूस पाहून गेला," कुसुम म्हणाली. "म्हणे, करंट वरखाली झाला, वारंटीत बसत नाही."

"वीज केंद्राच्या चिमण्या दारातून दिसून राहिल्या," भाऊजी म्हणाले. "करंट तेवढा दिसत नाही."

कुसुमचा सगळा भरवसा दादावर. त्याने एक फोन केला की काम होईल, म्हणून ती माझ्यासोबत निघाली.

सभागृह इतकं गार होतं की इन्सुलिन तिथे उघड्यावर टिकलं असतं. दादाला शाल मिळाली, ती त्याला लागतही होती. मग निवेदिकेने त्याची कामगिरी वाचली. विजेच्या चढउताराने वस्तू जळाली तर कंपनी जबाबदार नाही, हे कलम टिकवलं ते यांनीच. टाळ्या झाल्या.

जेवणाच्या रांगेत कुसुमने त्याला गाठलं. "काहून (का) गा दादा, ते कलम तूच ठेवलं?"

"अगं, ग्राहकांच्याच हिताचं आहे ते. नाहीतर वस्तू महागल्या असत्या."

"मंग महाग करा ना. स्वस्तातला बंद फ्रिज घेऊन मी काय करू? एक फोन लाव, हाच दुरुस्त करून द्या म्हण."

"नातलगांसाठी नियम वाकवला तर मला कोण मानेल? तत्त्व म्हणून काही असतं."

कंपन्यांसाठी उभा जन्म शब्द टाकणाऱ्याला बहिणीसाठी एक शब्द टाकताना तत्त्व आठवलं. मी ताट तसंच ठेवलं. कुसुम मात्र शांतपणे जेवली. बस दूरची होती.

परतीच्या गाडीत स्मरणिका चाळली. दादाने घराघरांत सुख पोचवलं, असं तीत तीन जणांनी लिहिलं आहे.

इन्सुलिन सध्या कुसुमच्या चौकातल्या पानठेल्यावर, थंड पेयांच्या बाटल्यांमागे असतं. ठेला सोमवारी बंद असतो.