सरूवहिनीचं डोकं

सरूवहिनी हातातलं काम मध्येच थांबवून नाक वर करायची आणि विचारायची, “भाऊजी, काही करपून राहिलं का?” करपत काहीच नसायचं. आम्ही मात्र धावत सुटायचो, कारण तो वास आला की पुढच्या क्षणाला ती कोसळायची. एकदा चुलीपाशीच कोसळली आणि डावा हात कोपरापर्यंत भाजला. अंगारे झाले, धुपारे झाले, कांदा हुंगवून झाला. फिट काही हटली नाही.

ही माझी थोरली भावजय. पातूरजवळ आमची शेती, ती दादा बघायचा. मी अमरावतीला कोर्टात कारकून, सुट्टी मिळाली की घरी. वहिनीला अक्षरओळख नव्हती, पण गावात कुणाचं पोर कधी जन्मलं, कुणाच्या हळदीत कोण रुसून गेलं, सगळं तोंडपाठ. पोरांची नावं शाळेत घालायला निघालेले आईबाप आधी आमच्या ओसरीवर यायचे. मी म्हणायचो, “वहिनी, लिहून ठेवू का हे?”

“कायले कागद खराब करता? डोस्क्यात हाय न माह्या!”

आणि नेमकं तेच डोकं उघडायची वेळ आली. त्रेसष्ट-चौसष्टच्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या डॉक्टरांनी मद्रासकडच्या एका इस्पितळाची चिठ्ठी दिली. दादाला इंग्रजी येत नव्हतं आणि रक्त दिसलं की भोवळ यायची, म्हणून तिच्यासोबत मी गेलो. खरं सांगतो, मी त्याच्याहून भित्रा.

तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं. आधी एक परीक्षा. मानेतल्या शिरेत सुई देऊन मेंदूची आजारी बाजू थोडा वेळ झोपवायची आणि उरलेल्या बाजूला दाखवलेलं लक्षात राहतं का, ते पाहायचं. राहिलं तर ऑपरेशन. नाही राहिलं तर जसे आलात तसे परत. मी वहिनीला सांगितलं.

“फिट ऱ्हायली तं ऱ्हाऊ द्या, भाऊजी. पन उद्या मी मंदीलेच नाई वयखलं तं?” मंदी तिची मुलगी, तीन वर्षांची.

सुई टोचली तसा तिचा एक हात लुळा पडला. डॉक्टरांनी कंगवा, चमचा, कुलूप दाखवलं. औषध उतरल्यावर विचारलं, तर तिन्ही वस्तू तिनं बरोबर सांगितल्या. मग ते म्हणाले, “नवऱ्याचं नाव विचारा.”

वहिनी गप्प. पुन्हा विचारलं. ओठ घट्ट मिटलेले. डॉक्टरांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं. मेलो! दादाच गेला हिच्या डोक्यातून! मी तिला सुचवायला लागलो. “वहिनी, आठवा हो! गो... गोविं...”

तिनं असे डोळे वटारले म्हणता! “लाज हाय का नाई तुमाले? चार मानसाइत नाव घेऊ का मी त्याइचं?”

मी मठ्ठ. जन्म गेला वऱ्हाडात, आणि एवढं सुचू नये! डॉक्टरांना सगळं समजावलं, तेव्हा त्यांनी लिहिलेलं खोडलं.

डोकं भादरून ऑपरेशन झालं. पण शुद्धीवर आल्यावर ती मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारू लागली. मंदीचा विषय काढला की म्हणायची, “कोनाची पोरगी?” डॉक्टर म्हणाले, “सूज उतरेल तसं परत येईल. बहुतेक.” त्या ‘बहुतेक’नं माझी झोप उडवली. महिन्याभरानं घरी सोडलं, तेव्हा मी तिला परत ‘भाऊजी’ झालो होतो, पण मंदीचं नाव तिनं एकदाही काढलं नव्हतं. विचारायची माझी छाती होईना. वर्ध्याला गाडी बदलली, बडनेरा गेलं, आणि दादाला काय तोंड दाखवू, याच काळजीनं मी अर्धा झालो.

अकोला आलं. फलाटावर दादा उभा, कडेवर मंदी. वहिनी खिडकीतून बघत राहिली. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही.

एकदम ती मागे सरली, पदर कपाळावर ओढला आणि घाईघाईनं कुजबुजली, “भाऊजी, माहं बोडकं डोकं तं नाई दिसून राहिलं न? तुमचे दादा भेतीन. अन् मंदीच्या अंगात झगा पाहा, उलटा घातला! एक काम धड येत नाई या मानसाले.”

ट्रंक उचलायची सोडून मी तिच्यावरच बसलो आणि ढसाढसा रडलो.