बस थांबवायची नाही

आई-बाबा दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत. घरात आठवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं.

शेजारचे काका नौदलात होते. भर समुद्रात चालत्या युद्धनौकेच्या बाजूनं, तेवढ्याच वेगानं जाऊन तिला तेल देणाऱ्या जहाजावर. आमच्या गावी, रामाकोन्याला परत आल्यावरही कोणाला काही द्यायचं तर ते थांबत नसत. वाटीभर भाजीसुद्धा आईला चालता चालता देत.

बी.ए.च्या शेवटच्या पेपरला मी प्रवेशपत्र घरीच विसरले. सौसरच्या रस्त्यावर काका मोटरसायकलनं माझ्या बसच्या खिडकीशी आले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

काका ओरडले, “थांबून कायले राहिला बे? वीसवर चालू दे!”

बस पुन्हा चालली. मग काकांनी खिडकीतून प्रवेशपत्र दिलं, सलाम ठोकला आणि वळले.

मी पास झाले. आमच्या घरातली पहिली बी.ए. मीच.