होडी ओढायचं गाणं

आमचे थोरले काका बेटाच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडतात आणि संध्याकाळी हॉटेलात पाहुण्यांना बेटाची 'प्राचीन लोकगीतं' ऐकवतात. अंगावर शाल, डोळे मिटलेले आणि आवाजात एवढं दुःख, की जणू बेट कालच बुडालं. उभ्या आयुष्यात दोरीला हात लावलेला नाही, पण होडी ओढायच्या गाण्यावर अर्धा तास भाषण ठोकतात. पाहुणे माना डोलावतात. त्यांचं काय जातंय!

परवा वादळाची खबर आली, तसे आम्ही वीस जण मोठी होडी वर ओढायला किनाऱ्यावर जमलो. हे गाणं एरवी आत्या म्हणते. ओळीच्या शेवटच्या शब्दावर ती जोर देते आणि त्याच शब्दाला सगळे मिळून हिसका देतात. गाण्याचं काम तेवढंच. पण काका पुढे सरसावले. "आज मी गातो. तुम्ही फक्त ओढा."

पहिलीच ओळ, आणि नेमकी शेवटच्या शब्दावर महाशयांनी तान घेतली! आम्ही दम धरून उभे, आणि तान काही संपेना. मग कोणी आधी ओढलं, कोणी नंतर, आणि होडी घसरत परत पाण्यात गेली.

काकांनी डोळे उघडले, छातीवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "टाळ्या नाहीत?"

आत्या त्यांची सख्खी थोरली बहीण. दोरी न सोडता ती म्हणाली, "आमचे हात दोरीत अडकलेत, म्हणून वाचलास."