हिरव्या अक्षरातलं ‘पोचलं’

बेंबळीच्या धुरपदाबाईंनी मला चार शब्द सुनावायला हवे होते. पण माझी चूक कळायच्या आतच त्या गेल्या.

नवरा वारल्यावर या बाईनं दोन शेळ्यांच्या एकोणीस केल्या. दीर बलभीम म्हणायचे, शेळ्या घराच्या. बाईंना त्या लेकीला, निकिताला द्यायच्या होत्या. म्हणून आमच्या वहीत त्यांचा जीव अडकला. शेळ्या पाळणाऱ्या बायांच्या गटासाठी मी ब्लॉकचेनवर ही वही बांधत होते. एकदा लिहिलं की कुणाला खोडता येत नाही, आणि वहीत जिचं नाव तिच्या शेळ्या, असं गटानं ठरवलेलं.

पण प्रत्येक नोंदीला डिजिटल नाण्यात फी लागते. ते या बाया कुठून आणणार? म्हणून मी मध्ये रिले, म्हणजे निरोप्यासारखा एक प्रोग्रॅम, बसवला. बाईनं मोबाइलवर अंगठा टेकवला की सही झाली. ती घेऊन रिलेनं फी भरायची आणि नोंद वहीपर्यंत न्यायची.

“म्हंजे माझा कागद दुसराच नेणार? मदीच टाकला तर?” धुरपदाबाईंनी विचारलं.

“तसं होत न्हाय, मावशी. पोचलं की ‘पोचलं’ म्हणून दिसतंय.”

कसली शहाणी मी. रिलेनं सही घेतली की लगेच मी हिरव्या अक्षरात ‘पोचलं’ दाखवत होते. वहीत लिहिलं गेलं का, ते बघतच नव्हते. पेटीत पत्र टाकलं की घरी गेलं, असं मानण्यासारखंच. वर प्रत्येक सहीला आठ दिवसांची मुदतही मीच घातलेली; तेवढ्यात वहीत गेली नाही तर सही बाद.

मोबाइलला त्यांचा घासलेला अंगठा लवकर कळायचा नाही. पदराला पुसून त्या पुन्हा टेकवायच्या. असं एकोणीस वेळा. दर वेळी निकिताकडून ‘पोचलं’ वाचून घेतलं. पंधरा दिवसांनी रानात चक्कर येऊन पडल्या, त्या उठल्याच नाहीत.

तेरावं झालं आणि बलभीमनी शेळ्या न्यायला गोठ्याचं दार उघडलं. निकितानं मला फोन लावला. “गायत्रीताई, चुलत्याला आईचं नाव दाखवा की.”

मी वही उघडली. नाव नव्हतं. रिलेच्या रांगेत पुढची एक नोंद अडकलेली, तिच्यामागं सगळ्या सह्या मुदत संपून पडलेल्या. बाकीच्या बायांनी परत अंगठे टेकवले, त्यांचं भागलं. धुरपदाबाईंचा अंगठा मी कुठून आणू?

गटापुढं मी चूक कबूल केली. बलभीम म्हणाले, वहीत दाखवा. शेळ्या गेल्या.

निकिता भांडली नाही. एवढंच म्हणाली, “आई गावभर सांगत व्हती, माझं पोचलं म्हणून.”