लागलं का?

माझी आत्या दोनच वेळा "लागलं का?" असं विचारायची. मी सायकलवरून पडले की, आणि ड्रॉची चिठ्ठी निघाली की. दोन्ही वेळी आवाज तोच, जीव टांगणीला लागल्यासारखा. इंग्रजी शाळेत जायला लागल्यावर मी तिला शहाणपणानं सांगितलं होतं, की आमच्याकडे दुखापतीला वेगळा शब्द आहे आणि बक्षीस मिळण्याला वेगळा. ती पोट धरून हसली. "दोन दोन कशाला लागतात माय तुमाला? आमचं एकातच भागायलंय."

गंगाखेडला आमच्या घरामागच्या गल्लीत तिची खोली होती. नवऱ्याच्या माघारी ती तिथं एकटीच राहायची. घरी पाहुणे आले की मी तिच्याकडे पळायचे, कारण आमच्या घरच्यांत ती एकटीच मला "बोल की गं" म्हणायची नाही. "बसा मॅडम," म्हणायची आणि ब्लाउजला हुक लावायला द्यायची. मला आजही भांडता येत नाही. म्हणून हे लिहून काढतेय.

गणपती मंडळाची सोडत म्हणजे तिचा सण. कुपन एकच घ्यायची. त्या संध्याकाळी इस्त्रीची साडी नेसून, ओच्यात भाजलेल्या शेंगा घेऊन ती पहिल्या रांगेत बसायची. सगळी कुपनं तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकलेली असत. मंडळाचा माणूस डबा हलवायला लागला की ही ओरडायची, "अजून हालवा! माजं तळाला बसलंय!"

शेजारच्या कमलबाई विचारायच्या, "फ्रिज लागला तर ठिवशील कुठं गं?"

"तुज्या डोक्यावर! जरा थंड तर होईल."

लागायची प्लास्टिकची बादली, नाहीतर काहीच नाही. शेंगा संपल्या की दोघी हसत घरी. ती करमणूक होती. त्याला कुणी करमणूक म्हटलं तर माझी हरकत नाही.

एका वर्षी तिला पहिलं बक्षीस लागलं, शिलाई मशीन. तोवर तिनं फाटलेलं शिवण्यापलीकडे सुई धरली नव्हती. मशीन घरात आली तशी ती जुन्या चादरी कापून कापून शिकली, आणि मग अख्खी गल्ली तिच्याकडे ब्लाउज टाकायला लागली. भावापुढे हात पसरायची वेळ तिच्यावर पुन्हा आली नाही. मशीनला ती कायम "माजी लागलेली मशीन" म्हणायची. मशीन लागली हे खरं, पण चालली ती आत्याच्या पायांनी. एवढी साधी गोष्ट तिला कधी पटली नाही, आणि आम्हीही कुणी मोठ्यानं सांगितली नाही. पुढे तिच्या फोनमध्ये जे शिरलं, त्यानं नेमकी हीच फट शोधली.

फोनवरच्या जाहिरातीत एक बाई होती. साधी साडी, मागे कुकर, आणि हातात नव्या बांगड्या. "बघ, आपल्यासारखीच हाय की ही," आत्या म्हणाली. ती बाई आपल्यासारखी नव्हती. तिला आपल्यासारखं दिसण्याचे पैसे मिळाले होते.

खेळ असा, की पैसे भरून बटण दाबलं की तीन खाने गरगर फिरतात. लिंबू, घंटा, सात. तिन्ही सारखे आले की जिंकलात. दोन सारखे यायचे आणि तिसरा घसरायचा. मग फोनमधून गोड आवाज यायचा, "अगदी थोडक्यात हुकलं, ताई!" ताई! ज्यानं तिचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यानं तिला ताई म्हणावं, याचा मला अजूनही संताप येतो. बोलावणं सगळं मराठीत. इशारा तेवढा शेवटी इंग्रजीत, तोही आगगाडी सुटल्यासारखा.

"ते घाईघाईनं काय म्हणायलंय गं, मॅडम?"

"सवय लागू शकते म्हणतंय. जपून खेळा म्हणतंय."

"लागू शकतं म्हणलं ना? मंग!" तिनं टाळी दिली. मला हसू आलं नाही.

मी एकदाच धीर करून वाद घातला. "आत्या, यात डबा कुठाय? हालवतंय कोण? तुझी चिठ्ठी आत पडलेली तू पाहिलीस का?"

"मशीन हालवती," ती म्हणाली. "माणूस लबाडी करंल, मशीन न्हाई. माजं सगळं मशीनीनंच झालंय."

मी पप्पांना सांगितलं. "करमणूक आहे तिची, एकटी बाई आहे," ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. कमलबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "माज्याबी फोनात हाय की." सगळ्यांनी हसून घेतलं. तिच्या कानातली फुलं विकली जाऊन कान ओके झाले तेव्हा हसले. ब्लाउज वेळेवर मिळेनात म्हणून गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली तेव्हाही हसले. मी परभणीला कॉलेजात होते आणि फोनवर मला नीट ओरडताही येत नव्हतं.

दिवाळीला घरी आल्यावर मी तिच्या खोलीत गेले. खिडकीखाली, जिथं मशीन असायची, तिथली फरशी तेवढी उजळ दिसत होती. आत्या त्याच जागी मांडी घालून हातानं ब्लाउज शिवत बसली होती. "बसा मॅडम," ती म्हणाली.

फोन समोर तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. खाने फिरत होते. तिची नजर तिकडे, सुई इकडे. सुई बोटात गेली आणि पांढऱ्या अस्तरावर लाल ठिपका पडला. तिनं बोट झटकलंसुद्धा नाही.

"लागलं का, आत्या?" मी विचारलं.

तिनं त्याच बोटानं पुन्हा बटण दाबलं.

"न्हाई अजून," ती म्हणाली. "पण लागंल."