कड्यावरचे मतदान

कुवेतहून परतलेल्या मंडळींचा पुण्यात दरवर्षी मेळावा भरतो आणि त्यात एक गोष्ट हटकून सांगितली जाते. एका शुक्रवारी तिथल्या जाहरा गावाच्या पुढच्या कड्यावर वाळूचे वादळ आले, पाच जणांपैकी एकाचा धीर सुटला, तो चौघांना तिथेच टाकून गाडीकडे पळाला, आणि उरलेल्यांनी मोठ्या हिमतीने वाट काढली. पळालेला तो एक म्हणजे मी. मागे राहिलेल्या चौघांत माझी पत्नी होती, त्यामुळे श्रोत्यांना ही गोष्ट विशेष गोड लागते. मी हे मुकाट्याने ऐकून घेतले असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. दर वेळी मी उठून विरोध केला. पण माईक नेहमी दुसऱ्याच्या हातात असतो.

आता तर त्या भागातील पायवाटांची छायाचित्रे मोबाइलवर फिरवून ‘ही आमचीच वाट’ असे सांगणारेही निघाले आहेत. कसली वाट? सत्तरचे दशक संपत आले होते तेव्हा तिथे मेंढ्यांच्या खुरांनी पडलेल्या रेघा होत्या, पावसाने चिरलेल्या घळी होत्या, आणि खाली खाडीपर्यंत पसरलेली खारट जमीन होती. त्या कड्याचे अरबी नाव मराठी माणसाने चारचौघांत उच्चारू नये असे असल्यामुळे आम्ही त्याला नुसते ‘कडा’ म्हणत असू. उंची म्हणाल तर आमच्या नाशिककडच्या डोंगरांपुढे ती एक टेकडी. तरी हिवाळ्यातल्या शुक्रवारी डबे बांधून आम्ही तिथे जात असू. जाणारे पाचच: मी आणि पत्नी, मराठवाड्यातले एक डॉक्टर आणि त्यांची बायको, आणि पुण्याचे एक स्थापत्य अभियंता. हे गृहस्थ तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. गणपतीच्या आरासीपासून पृथ्वीच्या उत्पत्तीपर्यंत सर्व विषयांत अखेरचा शब्द त्यांचा असे.

हिवाळ्यात कुवेती कुटुंबे त्या पठारावर तंबू ठोकून राहतात. आम्ही जी घळ चढून वर येत असू, तिच्या माथ्यावर एका कुटुंबाचा मोठा पांढरा तंबू होता आणि शेजारी पाण्याची टाकी. अध्यक्षांनी फर्मावले, “खूण पक्की. परत येताना हा तंबू दिसला की डावीकडे उतरायचं.”

मी म्हणालो, “अहो, तंबू म्हणजे देऊळ नव्हे. उद्या उचलून नेतील.”

“नाशिककर, तुम्हाला प्रत्येक गोष्टीला देऊळ लागतं,” ते म्हणाले, आणि सगळे हसले.

मार्च सरता सरता आम्ही पुन्हा गेलो. तंबूंचा हंगाम संपला होता. बहुतेक कुटुंबे गाशा गुंडाळून शहरात परतली होती, आणि आमच्या घळीच्या माथ्यावर विझलेली चूल आणि खुंट्यांची भोके एवढेच उरले होते. चढताना हे मी एकट्याने पाहिले. बाकीचे धापा टाकण्यात गुंतले होते. कड्याच्या काठाने बरेच पुढे जाऊन आम्ही थालीपीठ आणि दहीभात खाल्ला आणि माघारी फिरलो. अर्ध्या वाटेवर एक पांढरा तंबू दिसला. शेजारी टाकीही होती. तंबू एका मेंढपाळाचा होता आणि टाकी त्याच्या मेंढ्यांची.

“आला आपला तंबू. चला डावीकडे,” अध्यक्ष म्हणाले.

मी त्यांना खाडी दाखवली. जाहराच्या बाजूला पाणी जिथे संपते, ते टोक आमच्या घळीतून थेट समोर दिसे. इथून ते पार उजवीकडे होते. म्हणजे आमची घळ अजून पुढे होती. आकाश स्वच्छ होते. वादळ सोडाच, रुमाल हलेल इतका वारा नव्हता.

“टाकी दिसतेय ना तुम्हाला?” अध्यक्ष म्हणाले.

“टाकी दिसते. मेंढ्याही दिसतात. तुम्हाला दिसत नाहीत का?”

डॉक्टर मध्ये पडले. “भांडू नका हो उन्हात. मत घेऊन टाकू की!”

आणि खरोखर हात वर करून मतदान झाले. चार सुशिक्षित माणसांनी खाली जाण्याची वाट बहुमताने ठरवली, जणू घळ ही मंडळाची कार्यकारिणी होती. चौथा हात माझ्या पत्नीचा होता.

मी पुढे गेलो, आमच्या घळीने खाली उतरलो आणि गाडी काढली. एवढ्यापुरती त्यांची कथा खरी आहे, पुढचे ते सांगत नाहीत. कड्याच्या पायथ्याने गाडी हाकत मी त्यांच्या घळीखाली आलो. अपेक्षेप्रमाणे चौघे एका सरळ तुटलेल्या कपारीवर अडकले होते. डॉक्टरांची बायको खाली बसली होती. उन्हाने तिला घेरी आली होती, आणि माझी पत्नी तिच्या डोक्यावर पाणी ओतत होती. मी हॉर्न वाजवला, हाताने ‘वर जा’ अशी खूण केली आणि हॉर्न वाजवतच गाडी सावकाश आमच्या घळीकडे मागे घेऊ लागलो. हॉर्नच्या आवाजाच्या रोखाने ते वरून काठाकाठाने चालत आले आणि योग्य घळीने उतरले. खाली पाय टेकताच अध्यक्षांचे पहिले वाक्य होते, “आम्ही येतच होतो, एवढं भोंगा वाजवायला काय झालं?”

मेळाव्यात आजही तो हॉर्न माझ्या उतावीळपणाचा पुरावा म्हणून सादर होतो.

यंदा मात्र मी माईकची वाट पाहिली नाही. सभागृहात उभा राहून पत्नीला म्हणालो, “तू तिथे होतीस. तूच सांग.”

ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, “वादळ नव्हतं. तंबू चुकला होता. हे आले नसते तर आम्ही तिथेच राहिलो असतो.”

अध्यक्षांनी लगेच विचारले, “मग वहिनी, तुम्ही हात आमच्या बाजूने कसा वर केलात?”

“डॉक्टरीणबाईंचे पाय तेव्हाच लटपटत होते. त्या नवऱ्याला सोडून ह्यांच्याबरोबर येणार नव्हत्या. त्यांच्याजवळ कोणीतरी लागणार होतं. ह्यांना कोणी लागत नाही.”

लोक टाळ्या वाजवू लागले. कोणासाठी, ते त्यांनाच ठाऊक. अध्यक्ष चहाकडे वळले.

परतताना मी तिला विचारले, “मग हे मला इतक्या वर्षांत का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

हे साफ चूक आहे. मी विचारले होते. त्याच संध्याकाळी, शहराकडे परतताना, गाडीतच विचारले होते. ती खिडकीबाहेर पाहत होती. ती म्हणते, मी विचारले नव्हते, फक्त ओरडलो होतो. या बाबतीतही तिची आठवण भरवशाची नाही.