लुबर्टचे रविवार

आमच्या हामरझाइल गावात फुटबॉल शनिवारी खेळतात. रविवारी नाही. रविवारी सकाळी चर्च, दुपारी पुन्हा चर्च, आणि मधल्या वेळात कॉफी नि झोप. दोरीवर एखादा टॉवेल वाळताना दिसला तरी सोमवारी अख्खी गल्ली त्यावर बोलते. अशा गावात लुबर्टच्यासारखा डावा पाय जन्माला यावा, हे देवाचंच काहीतरी चुकलं म्हणायचं. पण तसं म्हणायची आमच्याकडे सोय नाही. म्हणून गाव नुसतं एवढंच म्हणायचं, "माइंडर्टच्या पोराच्या पायात काहीतरी आहे खरं."

माइंडर्ट हा लुबर्टचा बाप. बंधाऱ्याच्या पायथ्याशी त्याची भट्टी होती, तिथं तो वाम मासे धुरावून विकायचा. चर्चच्या पंचांमध्ये त्याला मान होता. माणूस नाकासमोर चालणारा, आणि बोलायला महाचिक्कू. भट्टीवर गिऱ्हाईक आलं तर ‘किती’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांत त्याचा व्यवहार उरकायचा. घरात बोलायचं काम बायकोकडे, फेम्मीकडे होतं, आणि ते ती दोघांच्या वाटचं करायची.

लुबर्ट अठरा-एकोणीस वर्षांचा असताना शेजारच्या शहरातल्या क्लबनं त्याला उचललं. क्लब खालच्या विभागातला, पण पगारी. सामने शुक्रवारी संध्याकाळी व्हायचे, दिव्यांच्या उजेडात. कधी रविवारी सामना आलाच तर लुबर्टच्या जागी दुसरा खेळेल, असं ठरलं होतं. त्यामुळे घरात कुरबुरीला जागाच नव्हती. उलट माइंडर्ट दर शुक्रवारी भट्टी लवकर विझवायचा, चर्चचाच काळा कोट अंगात घालायचा आणि बसनं सामन्याला जायचा. कोपऱ्यातल्या कठड्यापाशी उभा राहायचा. टाळी नाही, आरडाओरडा नाही. धुराचा वास मात्र इतका यायचा की आजूबाजूचे लोक जरा सरकूनच उभे राहायचे.

सामना संपला की लुबर्ट घामेजलेला कठड्यापाशी जायचा. आमच्याकडे प्रवचन लांबलं की बाकावरून पेपरमिंटच्या गोळ्या पुढे सरकवतात, तेवढाच जिवाला विरंगुळा. तीच गोळी माइंडर्ट खिशातून काढायचा आणि पोराच्या हातावर ठेवायचा. पण पोरगा चांगला खेळला असेल तरच. नाहीतर हात खिशातच राहायचा, आणि "थंडी आहे, केस पुसून घे," एवढं बोलून तो बस गाठायचा. लुबर्टनं पुढे बायकोला सांगितलं होतं, की अख्ख्या आयुष्यात त्याच्यासाठी कुणी वाजवलेली टाळी त्या गोळीइतकी गोड लागली नाही.

आणि तरी तो गेला.

वरच्या विभागातल्या एका क्लबचा माणूस त्याला बघून गेला होता. बोलावणं आलं. लुबर्ट भट्टीवर गेला तेव्हा माइंडर्ट मासे साफ करत होता.

"सामने कधी असतात?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"रविवारी दुपारी."

"सगळे?"

"जवळजवळ सगळेच, बाबा. तिथं आपलं कोण ऐकणार?"

माइंडर्टनं सुरी धुतली, पुसली, खुंटीला लावली. "तू काही लहान नाहीस," तो म्हणाला, आणि पुढचा मासा घेतला.

लुबर्टला वाटलं होतं, बाप भांडेल. बायबल काढेल, निदान आवाज तरी चढवेल. भांडणाची तो रस्ताभर तयारी करून आला होता, ती सगळी वाया गेली. घरी फेम्मी म्हणाली, "नाही म्हणाले नाहीत ना? मग जा. आणि तिथं पोटभर जेवत जा, नुसती फळं खाऊन राहू नकोस."

तिथं त्याचं काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. तो बाकड्यावर बसला. त्याच्या जागेवर जो खेळायचा, त्या दांडग्या माणसाला कधी साधं पडसंसुद्धा झालं नाही. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, तिसरा आला. गुडघ्यांवर घोंगडी घेऊन लुबर्ट दर रविवारी राखीव खेळाडूंत बसायचा. आत्ता गावात दुपारचं चर्च सुटलं असेल, आत्ता बाबा घरी आले असतील, असं मनात म्हणायचा. सोमवारी आईचा फोन यायचा. गावात कोण मेलं, कोण बाळंत झालं, सगळं ती सांगायची. रविवारबद्दल चकार शब्द नाही. लुबर्टला ते झोंबायचं. आपण या लोकांच्या लेखी आठवड्यातून एक दिवस मेलेलेच असतो, असं त्याला वाटायला लागलं.

मग एका रविवारी त्या दांडग्याचा पाय मुरगळला, आणि लुबर्ट पहिल्या मिनिटापासून मैदानात उतरला. खेळला झकास. डावीकडून दोनदा असा सुटला की लोक उभे राहिले. पण मध्यंतराच्या आधीच एकाशी टक्कर झाली, गुडघा फिरला आणि त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं.

सोमवारी फोन आला तो आईचा नव्हता. माइंडर्ट होता. तो आपणहून फोनला कधी हात लावत नसे.

"पाय कसा आहे?"

लुबर्ट सुजलेला गुडघा उशीवर ठेवून पडला होता. डॉक्टर काही चांगलं बोलले नव्हते. आईनं पेपरात वाचून सांगितलं असणार, त्याला वाटलं. एवढ्या वर्षांचं साचलेलं एकदम तोंडावर आलं.

"तुम्ही रविवार बघत नाही ना, बाबा? मग रविवारचं विचारूही नका."



"बरं," माइंडर्ट म्हणाला. "आईकडे देतो."

तो गुडघा पुन्हा धड वाकलाच नाही. लुबर्ट आणखी दोन क्लबांतून लंगडत फिरला आणि तिशी उलटायच्या आत गावात परत आला. फरश्या नि गालिच्यांच्या दुकानात नोकरीला लागला, संसार केला. बापाशी वैर असं नव्हतं. वारा, मासे, छपराची गळती, सगळ्यावर दोघं बोलायचे. फुटबॉलवर मात्र दोघांनी मिठाची गुळणी धरली होती. ‘बाबांनी माझा रविवार पाहिला नाही’ ही अढी लुबर्टनं इतकी वर्षं जपली की ती नसती तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर माइंडर्ट गेला. अढी तशीच राहिली.

वसंतात फेम्मीचा वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे खोलीत खुर्च्या गोल मांडायच्या, येणाऱ्यानं प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करायचं, आणि केकचा एक तुकडा नि कॉफी घेऊन बसून राहायचं. गोलात बसल्यावर कुणाचंच बोलणं खासगी राहत नाही. त्यात ड्रीक आलेला. हा म्हातारा दक्षिणेकडचा, कॅथलिक, म्हणजे आमच्या पंथाबाहेरचा. गावची मुलगी करून इथं राहिला, गल्लीच्या टोकाला सायकली दुरुस्त करायचा. चर्चची पायरी कधी चढला नाही. आता कानानं बहिरा झालाय, त्यामुळे त्याचं कुजबुजणंही बंधाऱ्यावर ऐकू जातं.

लुबर्टचा मेहुणा नेहमीसारखा सुरू झाला. "अहो, आमच्या लुबर्टनं काय कमी नाव काढलं? वरच्या विभागातलं बाकडं झिजवून नवीन घ्यायला लावलं त्यानं."

लोक हसले. लुबर्टही हसला. "बाबांनी पाहिलं नाही तेच बरं झालं," तो म्हणाला.

ड्रीकनं कानामागे हात धरला होता. "पाहिलं नाही," तो म्हणाला, "पण ऐकायचा की."

"काय ऐकायचे?"

"रेडिओ. माझा. तुला माहीत नाही?" ड्रीकनं कप गुडघ्यावर ठेवला. "चर्चवाल्यांनी त्याला माझ्याकडे धाडला होता. मी रविवारी सामने लावतो, तर मला खिडकी बंद करायला सांग म्हणून. आला. म्हणाला, ‘खिडकी लावून घ्या असं तुम्हाला सांगायचंय. सांगितलं.’ आणि उभाच राहिला. तुझ्या क्लबाचा सामना चालू होता. मी म्हटलं, आत ये ना बाबा, पाऊस आहे. तर म्हणतो, ‘मी ऐकत नाहीये, मी रस्त्यानं चाललोय.’ चाललोय कसला, पाय जमिनीत रुतल्यासारखा उभा."

खोलीत कुणी केकला हात लावत नव्हतं.

"पुढच्या रविवारी पुन्हा आला. मी खिडकी सताड उघडून ठेवायचो, थंडी असली तरी. बायको शिव्या घालायची. दुपारचं चर्च सुटलं की हा घरी जाताना माझ्या खिडकीपाशी यायचा आणि बुटाची नाडी बांधत बसायचा. अर्धा-पाऊण तास नाडी बांधतोय. तुझं नाव काही यायचं नाही रे. एवढे हिवाळे त्यानं काढले, नाव नाही. जाताना खिडकीवर पेपरमिंटची गोळी ठेवून जायचा, मला."

लुबर्टनं हातातली बशी खाली ठेवली. "आणि मी खेळलो त्या दिवशी?" त्यानं विचारलं.

"त्या दिवशी आलं की नाव. दोनदा. तुझा बाप काय हसला, मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. मग तू पडलास असं रेडिओवाला म्हणाला. तेव्हा नाडी सुटलेली तशीच टाकून घरी गेला." ड्रीकनं कॉफीचा घोट घेतला. "त्यानंतर कधी आला नाही. मी पुष्कळ दिवस खिडकी उघडी ठेवली. तो बंधाऱ्यावरून जायला लागला, लांबच्या वाटेनं. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

"तुमचं नाही," लुबर्ट म्हणाला.

त्यानं आईकडे पाहिलं. फेम्मी मांडीवरचे केकचे कण एकेक करून बशीत टाकत होती.

"मी विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली. "गुडघे दुखतात, तर लांबून कशाला जाता म्हणून. म्हणाले, आपण रविवारचं विचारलेलं पोराला आवडत नाही."